जागेवर नसलेला माणूस

नोकरी लागली त्या आठवड्यात भेटेल त्याने मला एकच गोष्ट ऐकवली. "बरं झालं बाबा, आता टिकव." मावशी म्हणाली, काका म्हणाले, खालच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, गावाहून फोनवर आई म्हणाली. मी सगळ्यांना हो हो म्हणत होतो. संध्याकाळी मात्र बाथरूममध्ये बादलीत पाय बुडवून बसायचो आणि मनात चिडायचो, की माझे पाय किती सुजलेत हे कोणी विचारत का नाही? विचारलं असतं तरी मी सांगितलं नसतं, ते वेगळं. दोन वर्षांहून जास्त काळ घरात बसलेल्या माणसाने उभं राहून पाय दुखतात म्हणून तक्रार करायची नसते, एवढं मला कळत होतं.

माझं शिक्षण नववीपर्यंत. सोलापूरकडचं गाव सोडून बेंगळुरूला आलो ते एका प्रेसमध्ये काम होतं म्हणून. तिथे लग्नपत्रिका छापायचे. कटिंग, घडी घालणं, दोरा ओवणं, गठ्ठे बांधणं हे माझं काम. पुढे लोक फोनवरच आमंत्रणं पाठवायला लागले आणि प्रेस बंद पडली. राहत्या खोलीचं भाडं झेपेना तेव्हा मावशीने बेंगळुरूतच जालहळ्ळीला तिच्या घरी बोलावून घेतलं. "दुसरं मिळेपर्यंत राहा रे, त्यात काय," म्हणाली. तेव्हा तिलाही वाटलं नव्हतं आणि मलाही, की 'मिळेपर्यंत' इतकं लांबेल. जिथे जायचो तिथे समोरचा माणूस विचारायचा, "दहावी?" मी नाही म्हणालो की त्याची मान दुसरीकडे वळायची. काही ठिकाणी तर मान वळायच्या आधीच मी जिना उतरायला लागलेलो असायचो.

मावशीचे यजमान, म्हणजे माझे काका, सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनियर. त्यांचा मुलगा परदेशात. घरात दोघंच, आणि तिसरा मी. मला कोणी कधी टाकून बोललं नाही. पण मीच असा वागायचो की जणू कोणीतरी आत्ता बोलणार आहे. खोलीत एकटा असलो तर पंखा लावायचो नाही. काका आले की उठून उभा राहायचो. आणि कामं करायचो. सिलिंडर वर आणणं, पाण्याचे कॅन चढवणं, काकांचा खांदा आखडला होता तर त्यांना स्कूटरवरून व्यायामाच्या डॉक्टरकडे नेणं, मावशीच्या भजनी मंडळातल्या बायकांना पाऊस असला की घरी सोडणं, एकीचा मिक्सर दुरुस्तीला टाकणं, दुसरीच्या घरी नळवाला येणार म्हणून जाऊन बसणं. त्या भागातल्या मराठी घरांत मी 'मावशींचा भाचा' म्हणून इतका ठाऊक झालो होतो, की कोणाचं काही अडलं तर मावशीलाच फोन यायचा. "आहे का हो तो? जरा पाठवा की."

संध्याकाळी मावशी म्हणायची, "तू आहेस म्हणून बरं."

त्या एका वाक्यावर मी पुढचा दिवस काढायचो. हे तेव्हा मला कळत नव्हतं, आत्ता लिहिताना कळतंय. आपण इथे का राहतोय याचं उत्तर त्या वाक्यात होतं.

यशवंतपूरच्या नोकरीचं कळवलं ते मंडळातल्याच एका बाईंच्या यजमानांनी. पंपाचे सुटे भाग बनवून पाठवणारं छोटं युनिट. पंप दुरुस्त करायला जे सामान लागतं, रबरी रिंगा, वायसर, बोल्ट, ते ठरल्याप्रमाणे एका पिशवीत भरायचं, यंत्रावर पिशवीचं तोंड चिकटवायचं, खोक्यात रचायचं. खोक्यावर टेबलाचा आकडा असलेलं स्टिकर लावायचं. पॅकिंगवाल्याला दहावी लागत नव्हती. तिथला इनचार्ज निपाणीकडचा. कानडी बोलता बोलता मराठीत यायचा आणि परत कानडीत जायचा. सगळे त्याला अण्णा म्हणायचे.

"तीन महिने बघनार," पहिल्याच दिवशी त्याने सांगितलं. "चांगलं केलास तर पक्का. न्हाईतर राम राम. मागनं रडायचं न्हाई, काय?"

मी म्हणालो, "नाही अण्णा."

पक्का झालो तर पीएफ, दवाखान्याचं कार्ड, आठवड्याची सुट्टी पगारी. नाही झालो तर परत मावशीच्या हॉलमधला दिवाण. आईने तर गावात सांगूनही टाकलं होतं, की पोरगं कंपनीत लागलं. तीन महिन्यांची गोष्ट मी तिला सांगितलीच नव्हती.

कामाचं मला काही अवघड गेलं नाही. हात चालायचे. बाकी सगळंच अवघड गेलं. घरी मी अकराला जेवायचो आणि चारला काहीतरी तोंडात टाकायचो. इथे साडेअकराला पोटात कावळे ओरडायचे आणि एक वाजता डबा उघडला की भूक मेलेली असायची. दुपारी दोन-अडीचला अशी झोप यायची, की पिशवीत रिंगा सोडता सोडता डोळे मिटायचे. रात्री म्हणाल तर टक्क जागा. आणि सतत कोणाची तरी परवानगी घ्यावीशी वाटायची. पाणी प्यायला जाऊ का, खिडकी उघडू का, हे खोकं इथे ठेवू का. एकदा मी लघवीला जायचं म्हणून अण्णाला विचारायला पार ऑफिसपर्यंत गेलो. तो फोनवर बोलत होता म्हणून दारात थांबलो. फोन ठेवून त्याने विचारलं, "काय रे?" मी सांगितलं.

"अरे मर्दा!" तो इतक्या मोठ्याने ओरडला की लेथवरच्या माणसाने मान वर केली. "मुतायला काय मला विचारतोस? जा की! का मी येऊ संगं?"

सगळे हसले. मीही हसलो. पण जाऊन आल्यावर तासभर माझे कान गरम होते.

यातच माझी दुसरी सवय तिथे शिरली. कोणी काही आणायला सांगितलं की मी उठायचो. सुरुवात चहापासून झाली. चहावाला आला नाही तेव्हा कोपऱ्यावरून चहा आणायला कोण जाणार, अशी चर्चा चालू होती. ती संपायच्या आत मी किटली घेऊन निघालो. मग लेथवाल्याचं रिचार्ज, कोणाच्या गोळ्या, ऑफिसातल्या बाईंच्या झेरॉक्स. कोणी मला हुकूम दिला नाही. लोक नुसतं मोठ्याने म्हणायचे, 'अरेरे, डबा विसरला,' आणि तोवर माझा एप्रन निघालेला असायचा. सांगायचं म्हणजे त्यात मला बरंही वाटायचं. टेबलापाशी मी एक नवखा पॅकर होतो. बाहेर जाऊन आलो की चार लोक म्हणायचे, "थँक्स रे."

माझ्या शेजारच्या टेबलावर एक अक्का होती. बरीच वर्षं तिथेच काम करणारी, कानडी, माझ्याशी मोडकं हिंदी बोलायची. ती एकदा म्हणाली, "तू क्या, इधर पॅकिंग को आया की घूमने को आया?"

मला राग आला. मी इतकं सगळ्यांचं करतोय आणि ही बघा.

घरी तर काही बदललंच नव्हतं. मावशीच्या दृष्टीने मी सकाळी जातो आणि संध्याकाळी येतो, एवढाच फरक. मधल्या वेळेत मी कुठेतरी उपलब्धच असणार. फोन यायचा. "अरे, येता येता..." हे ठीक. पण काही वेळा, "तुझी जेवणाची सुट्टी असते ना एक वाजता? मग स्वल्प, जरा येऊन काकांना डॉक्टरकडे सोडून जा की. पाच मिनिटांचं काम." यशवंतपूरहून जालहळ्ळी, तिथून डॉक्टर, मग परत. पाच मिनिटं! दोन वेळा मी गेलो. डबा न खाता, बसने घरी आणि तिथून काकांची स्कूटर काढून. दोन्ही वेळा परतायला उशीर झाला. कोणी काही बोललं नाही, पण अण्णाने घड्याळाकडे बघितलं ते मी बघितलं.

हे दोन्हीकडचं ओझं मी मुकाट्याने वाहत होतो आणि आतून धुमसत होतो. रात्री दिवाणावर पडलो की मनातल्या मनात भांडायचो. मावशीशी, लेथवाल्याशी, त्या झेरॉक्सवाल्या बाईशी. भांडणात मी एकदम फर्डा बोलायचो. सकाळी उठलो की, "मावशी, काही आणायचंय का?"

तिसरा महिना संपत आला त्या सुमाराला एका दुपारी अण्णाची मोटारसायकल पंक्चर झाली. त्याला संध्याकाळी कुठेतरी जायचं होतं. तो टेबलांमधून फिरत म्हणाला, "गाडी बसलीया. कोपऱ्यावर नेऊन पंक्चर काढून आणाय कोन जातंय काय?"

लेथवाला म्हणाला, "काम आहे अण्णा." दुसरा एक जण नुसता हसला. अक्का मान वर न करता म्हणाली, "आगल्ल अण्णा." आगल्ल म्हणजे जमणार नाही. बस्स, तेवढंच. कारण नाही, माफी नाही.

मी तोपर्यंत एप्रन काढून चावीसाठी हात पुढे केला होता.

पंक्चरवाल्याकडे दोन गाड्या आधीच होत्या. मी तिथे फुटपाथवर बसून राहिलो. इकडे माल न्यायला टेम्पो आला होता. माझ्या टेबलावर अर्ध्या भरलेल्या पिशव्या ट्रेमध्ये तशाच उघड्या होत्या. बोल्ट घातलेले, वायसर घातलेले, रबरी रिंगा घालायच्या राहिलेल्या. टेम्पोवाला ओरडायला लागला म्हणून लोडिंगवाल्यांपैकी कोणीतरी त्या पिशव्या भरलेल्याच समजून चिकटवल्या, खोक्यात टाकल्या आणि माझ्या टेबलाचं स्टिकर लावून खोकं चढवलं. मी परत आलो तेव्हा ट्रे रिकामा होता. मला वाटलं, अक्काने केलं असेल माझं काम. मी तिला थँक्यू म्हणालो. मी वेडा असल्यासारखं तिने माझ्याकडे पाहिलं.

पुढच्या आठवड्यात हुबळीच्या दुकानदाराची तक्रार आली. पिशव्यांत रिंगाच नाहीत.

अण्णाने मला ऑफिसात बोलावलं. टेबलावर त्यातली एक पिशवी ठेवली होती.

"हे काय?"

मी पिशवी पाहिली आणि सगळं माझ्या लक्षात आलं. ती दुपार, तो ट्रे, तो फुटपाथ. ओठांपर्यंत आलं होतं, की अण्णा, तुमच्याच गाडीपायी झालंय हे. पण तोंडातून आलं ते, "चुकलं अण्णा."

"चुकलं ते दिसतंय की. कसं चुकलं?"

मी पिशवीचं तोंड चाचपत राहिलो.

"तुला सांगू काय? तुझा हात बरा हाय. पण तू जाग्यावर नसतोस. कवाबी बघितलं तर तुझं टेबल रिकामं. चहा आनतोय, झेरॉक्स आनतोय, कुठं दुपारी गायबच. मी वर मालकाला काय सांगू? ह्याला पॅकिंगला घेतलंय का हमालीला?"

आता मात्र माझा तोल गेला. आवाज फुटला माझा. "अण्णा, त्या दिवशी तुमची गाडी घेऊन गेलो होतो मी. पंक्चरला. तुम्हीच पाठवलंत."

त्याने हातातलं पेन खाली ठेवलं. मला वाटलं, झालं, आता राम राम.

"मी पाठवलं?" तो म्हणाला. "मी इचारलं रे. सगळ्यांनाच इचारलं की. अक्का न्हाई म्हनली, त्यो लेथवाला न्हाई म्हनला. त्यांची नोकरी गेली काय? तुला काम हुतं तर न्हाई म्हनायचं हुतंस. मला काय ठाऊक तुझ्या टेबलावर काय हाय?"

त्याचं चूक होतं, गाडी त्याची होती, आणि तरी तो म्हणत होता ते खरं होतं. माझ्यासमोर सगळ्यांनी नाही म्हटलं होतं आणि ते सगळे दुसऱ्या दिवशी आपापल्या टेबलावर होते. ते नाही म्हणणं मला ऐकूच आलं नव्हतं.

"आनी एक महिना बघतो," तो म्हणाला. "मग काय ते. जा."

त्या दिवशी मी बस न पकडता बराच रस्ता चालत गेलो. काम करून उशीर झाला असता, काम जमलं नसतं, तर मला एवढं लागलं नसतं. लोकांचं करता करता नोकरी जायची वेळ आली, हे कोणाला सांगायचं? आणि सांगितलं तर लोक काय म्हणणार? टिकव म्हणालो होतो ना!

त्या जादाच्या महिन्यात मी नाही म्हणायला शिकलो, म्हणजे शिकायला लागलो. फार वाईट जमायचं. पहिल्यांदा लेथवाल्याने गोळ्या आणायला सांगितल्या तेव्हा मी "नाही" म्हणालो आणि मग पुढची दोन मिनिटं कारणं देत बसलो. तो म्हणाला, "अरे ठीक आहे, भाषण कशाला?" ऑफिसातल्या बाईंना नाही म्हणालो तेव्हा आवाज इतका चढला की त्या दोन पावलं मागे सरकल्या. मग लोक माझी चेष्टा करायला लागले. "साहेबांना विचारा, साहेब मोकळे आहेत का?" जे थँक्स म्हणायचे ते आता माझ्याकडे बघेनात. टेबल सोडायचं नाही म्हणून मी पाणीही कमी प्यायला लागलो. हा दुसरा वेडेपणा. अक्काने तो पाहिला आणि स्वतःची बाटली माझ्या टेबलावर आदळली. "पी. मरेगा तो कौन पॅक करेगा?"

मावशीला नाही म्हणणं सगळ्यात शेवटी आलं. एका दुपारी फोन आला.

"अरे, गॅसवाला सिलिंडर खालीच ठेवून गेला बघ. लिफ्ट बंद आहे. वर कोण आणणार?"

"मावशी, मी कामावर आहे."

"ते ठाऊक आहे रे मला. जेवायच्या सुट्टीत..."

"नाही जमणार, मावशी."

"सरी," म्हणजे बरं, एवढंच म्हणून तिने फोन ठेवला. ती चिडली की कानडीत संपवते.

संध्याकाळी घरी गेलो तर सिलिंडर स्वयंपाकघरात होता. वॉचमनने आणून दिला होता. मावशी पोळ्या लाटत होती आणि मला बघून न बघितल्यासारखं करत होती. काका पेपर तोंडासमोर धरून बसले होते. मी हातपाय धुवून आलो, ताट वाढून घेतलं.

"आता काय बाबा," मावशी पोळपाटाकडे बघत म्हणाली. "नोकरदार माणूस. आम्ही कोण सांगणारे?"

"मावशी, तसं नाही. मला अजून पक्कं केलेलं नाही त्यांनी. एक महिना वाढवलाय. मी दुपारी गायब होतो म्हणून."

लाटणं थांबलं. "मग हे सांगायला काय झालं होतं तुला?"

"कसं सांगणार? तुमच्या घरी राहतोय मी. एवढी कामंही नाही केली तर..."

"तर काय? हाकलून देणार होतो आम्ही?" तिने लाटणं खाली ठेवलं. "तुला कामं का सांगत होते ठाऊक आहे? आलास तेव्हा अर्धी पोळी खाऊन उठायचास. काय देऊ म्हटलं तर नको, नको. सिलिंडर चढवून आलास की तेवढ्या दिवशी नीट जेवायचास. मी ह्यांना म्हटलं, त्याला काहीतरी करायला लावा, त्याशिवाय ह्याच्या घशाखाली अन्न उतरत नाही."

काकांनी पेपरच्या मागून 'हं' केलं.

हे ऐकून मला गहिवरून यायला हवं होतं. पण मला राग आला. दोन वर्षं मी कोणाकोणाचे मिक्सर वाहिले, पावसात बायका पोचवल्या, अनोळखी घरात नळवाल्याची वाट बघत बसलो, ते सगळं मी जेवावं म्हणून? "मग आता?" मी म्हणालो. "आता तर दिवसभर उभा राहून येतोय. भूक लागते मला आता. आता कशाला फोन करतेस?"

मावशीने पोळी उलटली. मग म्हणाली, "आता मला सवय झाली रे." आणि तिने तव्यावरची पोळी माझ्या ताटात टाकली.

त्यानंतर तिचा दुपारचा फोन बंद झाला. काका रिक्षाने डॉक्टरकडे जायला लागले. आपल्याशिवाय या घराचं काही अडत नाही, हे रोज संध्याकाळी दिसायचं, आणि मग काळजी वाटायची की आता आपण इथे कोण? पण माझं टेबल रिकामं दिसत नव्हतं. शेवटचा आठवडा मी अण्णाच्या चेहऱ्याकडे बघण्यात घालवला. तो शिंकला तरी मला वाटायचं, ठरलं याचं काहीतरी.

शनिवारी सुटताना तो डबा पिशवीत टाकत, माझ्याकडे न बघताच म्हणाला, "सोमवारपासनं मशीनवर अंगठा लाव. पक्क्या लोकांत घातलंय तुला."

मी "थँक्यू अण्णा" म्हणालो. एकदा म्हणून पुरे होतं, मी चारदा म्हणालो. रात्री आईला फोन केला तर ती म्हणाली, "म्हणजे? आधी पक्का नव्हतास?" तिला समजावण्यात सगळा आनंद संपला.

दारापाशी हजेरीचं मशीन होतं. कच्च्या लोकांची हजेरी अण्णा स्वतः लावायचा, पक्क्यांचा अंगठा. सोमवारी सकाळी ऑफिसातल्या बाईंनी माझा अंगठा त्यात भरून घेतला आणि म्हणाल्या, "आता रांगेत जाऊन रोज लावायचा तसा लावून बघ." मी रांगेत लागलो, नंबर आला, अंगठा ठेवला. मशीनमधली बाई म्हणाली, "प्लीज ट्राय अगेन."

अंगठा पँटला पुसला. परत ठेवला. प्लीज ट्राय अगेन. चार महिने वायसर आणि बोल्ट चिवडून, गरम पिशव्यांची तोंडं दाबून बोटांची टोकं पार गुळगुळीत झाली होती. फुंकर मारली. ओला केला. कोरडा केला. भोंगा व्हायची वेळ झाली होती आणि मागे रांग वाढत होती.

"अरे चल की," लेथवाला मागून म्हणाला. "बाजूला हो, आम्हाला जाऊ दे. तू मागून लाव."

माझा एक पाय उचललाही गेला. सवयीचाच तो. मग मी तो तिथेच परत टेकवला.

"थांब," मी म्हणालो. "माझं होऊ दे."

"लेट लागेल ना सगळ्यांना!"

"लागू दे."

कोणीतरी मागे शिवी हासडली. अक्का हसायला लागली. मी अंगठा काचेवर जोरात दाबून धरला, मशीनमधली बाई परत तेच म्हणाली, मी परत दाबला. भोंगा झाला. शेवटी कधीतरी हिरवा दिवा लागला आणि पडद्यावर माझं नाव आलं. त्याच्यासमोर लाल अक्षरांत 'लेट'.

माझ्यामागच्या सगळ्यांनाही लागला. दुपारपर्यंत कोणी माझ्याशी बोललं नाही, आणि मी टेबलापाशी उभा राहून रिंगा भरत होतो.